परतीची चिठ्ठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या डॉक्टरांचे सारे आयुष्य तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या नाहीत, कोणत्या परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले नाही. परंतु ज्या व्याधीपुढे आपली साधने अपुरी पडणार ती वेळीच ओळखून रुग्णास योग्य हाती सोपविण्याचे जे अवघड कर्तव्य, ते त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने पार पाडले. अशा पुरुषाचे स्मरण एका मोठ्या रुग्णालयाच्या सभागृहात व्हावे हा योग मला अर्थपूर्ण वाटतो, आणि म्हणूनच रुग्ण पाठविणारा डॉक्टर व रुग्ण दाखल करून घेणारे रुग्णालय यांच्यामधील संबंधांविषयी आज बोलावे असे मी ठरविले. या विषयाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते, आणि झालीच तर ती पैशाच्या संदर्भात व दबल्या आवाजात होते. माझे प्रतिपादन थोडक्यात असे, की या दोघांना जोडणारा खरा दुवा म्हणजे रुग्णाची खबर होय. ती खबर रुग्णालयाने नेमाने व आदराने परत धाडली, तर परस्परविश्वास वेगळा निर्माण करावा लागत नाही. आणि ती धाडली नाही, तर मेजवान्या, भेटवस्तू व स्नेहसंमेलने यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

या दोघांमध्ये आज जी दरी दिसते तिचे मूळ शोधू गेल्यास थोडे मागे जावे लागते. इंग्लंडात 1920 साली लॉर्ड डॉसन यांच्या समितीने आरोग्यसेवेची जी पायऱ्यापायऱ्यांची रचना सुचविली, तीत सर्वांत खालच्या केंद्रात गावचे सामान्य डॉक्टरच आपापल्या रुग्णांवर उपचार करतील आणि वरच्या पायरीवरील तज्ज्ञ त्यांच्या मदतीस येतील, असे गृहीत धरले होते. आपल्याकडे 1943 साली नेमल्या गेलेल्या व 1946 साली अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीनेही अशीच त्रिस्तरीय रचना आखली. नाशिकास जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने आपल्या दीर्घ मुदतीच्या योजनेत प्राथमिक केंद्रास 75, दुय्यम केंद्रास 650 आणि जिल्ह्याच्या मुख्य केंद्रास 2500 खाटांची तजवीज सांगितली, आणि खालून वर रुग्ण, वरून खाली सल्ला, असा अखंड व्यवहार तीत कल्पिला. ही कल्पना भव्य होती, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आजही नितांत आदर आहे. परंतु तिच्यातील प्रत्येक पायरीवरचा डॉक्टर हा सरकारी पगारी नोकर असेल आणि त्यास खासगी व्यवसायाची मुभा नसेल, असे समितीचे गृहीतक होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आजाऱ्याने पहिले दार ठोठावले ते बहुधा खासगी दवाखान्याचे, आणि त्या दाराआड बसलेला डॉक्टर पुष्कळ ठिकाणी आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर होता. सरकारी रचनेत वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांच्यामध्ये निदान कागदोपत्री तरी नाते असते. खासगी डॉक्टर आणि शहरातील धर्मादाय वा खासगी रुग्णालय यांच्यामध्ये तसला कोणताही हुकूम, कोणतीही बारनिशी, कोणताही वरिष्ठ-कनिष्ठ संबंध नाही. ती जागा रिकामी राहिली, आणि रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही.

तीत काय शिरले ते आपण सर्वजण जाणतो. रुग्ण पाठविल्याबद्दल रुग्णालयाने किंवा तपासणी-केंद्राने बिलाचा काही हिस्सा पाठविणाऱ्यास पोचता करावयाचा, ही 'कट'ची प्रथा कोणी उघडपणे समर्थनीय म्हणत नाही, तरी ती टिकून आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारनियमांनी रुग्ण पाठविण्याच्या मोबदल्यात भेट, बक्षिसी वा कमिशन देणे, मागणे व घेणे ही तिन्ही कृत्ये निषिद्ध ठरविली आहेत. 2017 साली महाराष्ट्र शासनाने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करविला. दंडाच्या भीतीचा उपयोग आहे, याविषयी मला शंका नाही. तथापि ज्या रुग्णालयाने कर्ज काढून सीटी स्कॅनची आणि कॅथलॅबची यंत्रे बसविली आहेत आणि ज्यास महिनाअखेर खाटा भरलेल्या दाखवावयाच्या आहेत, त्याला पाठविणाऱ्या डॉक्टराशी दुसरे कोणतेही सन्माननीय नाते ठाऊकच नसेल, तर ते पैशाच्या नात्याकडेच वळणार. आणि ज्या डॉक्टरास आपल्या रुग्णाची वार्ता कधी कळत नाही, ज्याच्या मताला कोणी विचारीत नाही, त्याच्यापुढे पाकीट ठेवणाऱ्याचे काम फार सोपे होते. ह्या सगळ्याची किंमत अखेर रुग्णच मोजतो, आणि ती केवळ बिलात मोजीत नाही: जेथे हात कसबी आहेत तेथे न जाता, जेथे हिस्सा मोठा आहे तेथे तो नेला जातो.

आता मी थोडा वेळ त्या चिठ्ठीजवळ थांबतो, जी रुग्णाबरोबर रुग्णालयाच्या दारात येते. शेतात फवारावयाचे मोनोक्रोटोफॉस प्यालेल्या तरुणास घेऊन रात्री जीप येते. गावच्या डॉक्टराने दोन तास त्याच्याशी झुंज दिलेली असते. पोट धुतलेले असते, शिरेतून ॲट्रोपिन देत देत छातीतील घरघर कमी केलेली असते, आणि औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर घाईघाईने लिहिलेले असते: कोणते औषध प्यायला, किती वाजता, बाटली सोबत दिली आहे, ॲट्रोपिनच्या इतक्या कुप्या दिल्या, शेवटची अमुक वाजता, बाहुल्या बारीक होत्या, आता मोठ्या होत आहेत, नाडी इतकी. त्या पुठ्ठ्याची वैद्यकीय योग्यता किती मोठी आहे हे अनभ्यस्तास सहसा कळणार नाही. ॲट्रोपिन कमी पडले तर फुफ्फुसे स्रावांनी भरून रुग्ण दगावतो, जास्त झाले तर ज्वर, भ्रम व बडबड सुरू होते. आधी किती गेले हे ठाऊक असल्याखेरीज पुढची मात्रा ठरविणे म्हणजे अंधारात चाचपडणे. प्रॅलिडॉक्सिम द्यावे की नाही, याचा विचारही विष घेतल्यास किती वेळ लोटला यावर अवलंबून असतो. हा पुठ्ठा अनेक रुग्णालयांत नातेवाइकाच्या खिशात राहतो, किंवा केसपेपराच्या मागे टाचला जातो व पुन्हा कोणी पाहत नाही. निवासी डॉक्टर पहिल्यापासून सारे प्रश्न भेदरलेल्या भावाला विचारीत बसतो. सर्पदंशात हेच घडते. गावच्या डॉक्टराने स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवलेले असते, ते गोठले नाही असे पाहून प्रतिविषाच्या दहा कुप्या सुरू केलेल्या असतात आणि तसे लिहून पाठविलेले असते. पण लिहिणारा बीएएमएस आहे एवढ्याच कारणाने त्याचे निरीक्षण वाचण्यायोग्य मानले जात नाही. ही तुच्छता आपल्या विद्येचा अपमान आहे. निरीक्षण खरे आहे की खोटे, हे लिहिणाऱ्याच्या पदवीवरून ठरत नसते.

ज्ञान शहराच्या रुग्णालयातून खेड्याकडे उतरते, उलट दिशेने कधी जात नाही, या समजुतीस महाराष्ट्रानेच सणसणीत उत्तर दिलेले आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडजवळ काम करू लागलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने तडफडून मरणारी माणसे व मुले पाहिली. अंगास दरदरून घाम, हातपाय गार, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा, आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी साचून मृत्यू, हा क्रम त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपला, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी या मारक अवस्थेवर उपयोगी पडते, हे दाखवून दिले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचे लिखाण छापले. या आजाराचा हा निबंध मोठ्या शहरातील अध्यापकाने नव्हे, तर कोकणातील एका वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहिला, कारण तो आजार त्याच्या ओसरीवर येत होता. रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टराकडे आपण केवळ रुग्णांचा पुरवठा करणारा म्हणून पाहतो, तेव्हा अशा दृष्टीच्या माणसांना आपण आपल्या दारातून न विचारता परत लावतो, याची जाणीव विश्वस्तांनी ठेवावी.

परंतु येणाऱ्या चिठ्ठीपेक्षाही माझे आजचे गाऱ्हाणे जाणाऱ्या चिठ्ठीविषयी आहे. त्याच 2002च्या आचारनियमांत एक कलम आहे, ज्याकडे 'कट'च्या गदारोळात कोणाचे लक्ष जात नाही: रुग्ण तज्ज्ञाकडे पाठविताना पाठविणाऱ्याने त्याची हकीकत संक्षेपाने द्यावी, आणि तज्ज्ञाने आपले मत पाठविणाऱ्यास लेखी कळवावे. म्हणजे परतीची चिठ्ठी हा शिष्टाचार किंवा मेहेरबानी नसून नियमाने सांगितलेले कर्तव्य आहे. असे असता, मी पाहिलेली बहुसंख्य डिस्चार्ज कार्डे पाठविणाऱ्या डॉक्टरास उद्देशून लिहिलेलीच नसतात. ती विमा कंपनीस, शासकीय योजनेच्या कारकुनास किंवा रुग्णालयाच्या दप्तरास उद्देशून लिहिलेली असतात.

त्याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. लहानपणीच्या संधिवाती तापाने हृदयाची झडप निकामी झालेल्या एका तरुण स्त्रीस शहरातील एका रुग्णालयात कृत्रिम धातूची झडप बसविली गेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि शासकीय योजनेमुळे घरच्यांवर खर्चाचा भारही पडला नाही. तिच्या हाती दिलेले कार्ड मी पुढे पाहिले. झडपेची बनावट, तिचा अनुक्रमांक, शस्त्रक्रियेचा सारा तपशील इंग्रजीत टंकलिखित होता. औषधांपुढे 'ओडी', 'बीडी' अशी अक्षरे होती, आणि शेवटी एक महिन्याने पुन्हा दाखवावे अशी सूचना. गावी परतल्यावर महिन्याभरात तिला जुलाब सुरू झाले. तिच्या ओळखीच्या डॉक्टराने, जो तिला लग्नापूर्वीपासून ओळखत होता, सर्वसाधारण रीतीने मेट्रोनिडॅझोल दिले. रक्त गोठू नये म्हणून ती घेत असलेल्या ॲसिट्रॉमचा परिणाम या औषधाने बळावतो, ही गोष्ट पुस्तकात आहे. पण ती ॲसिट्रॉम घेते, ती का घेते, आणि तिची आयएनआर ही तपासणी 2.5 ते 3.5 च्या दरम्यान राखावयाची आहे, हे त्या डॉक्टरास कोणी कळविले नव्हते. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मग लघवीतून. पुन्हा जीप, पुन्हा शहर, पुन्हा दाखल. ती वाचली. तिला दुसऱ्यांदा तपासणाऱ्या तरुण डॉक्टराने नातेवाइकांदेखत उद्गार काढले, की असले औषध देणारा डॉक्टर तरी कसला! ज्या डॉक्टरास कोणी काही सांगितलेच नव्हते, त्याच्या कित्येक वर्षांच्या विश्वासाची त्या एका वाक्याने वासलात लागली. आणि पुढे ती स्त्री त्याच्याकडे गेली नाही. परंतु दरमहा आयएनआर तपासण्यासाठी शहरात येणे तिला परवडणारे नव्हते. गावातला डॉक्टर तिच्यापासून तुटल्यावर तिची तपासणी कोणी करावयाची, हा प्रश्न त्या रुग्णालयातील कोणाच्याही मनात आला नाही.

त्या कार्डावर गावच्या डॉक्टरास उद्देशून चार वाक्ये असती तर हे सारे टळले असते: काय केले, कोणते औषध कधीही थांबवावयाचे नाही, कोणती औषधे तिला देताना विचार करावा, आणि कोणते लक्षण दिसताच तिला परत पाठवावे. एवढे लिहिण्यास निवासी डॉक्टरास पाच मिनिटे लागतात. ती चार वाक्ये मराठीत लिहिली, तर ती रुग्णाच्या घरच्यांनाही वाचता येतात, हा अधिक लाभ.

याहून दुःखद एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मी आवर्जून बोलणार आहे. रुग्ण दगावला, तर ती वार्ता पाठविणाऱ्या डॉक्टरास रुग्णालयाकडून मिळत नाही. सकाळी दवाखाना उघडून बसलेल्या डॉक्टरास ती कळते ती गावातून निघालेल्या अंत्ययात्रेवरून, किंवा कंपाउंडर दबक्या आवाजात सांगतो तेव्हा. आणि मग लोक त्याच्याकडेच येतात. काय झाले, का झाले, तुम्ही तर म्हणाला होता वाचेल, शहरात एवढे पैसे ओतले त्याचे काय झाले, हे सारे प्रश्न त्यास विचारले जातात, शहरातल्या प्राध्यापकास नव्हे. आणि त्याच्यापाशी उत्तर नसते, कारण त्यास काहीही कळविलेले नसते. त्याच्या मौनाचा अर्थ गाव आपल्या रीतीने लावते. मृत्यूची वार्ता त्याच दिवशी, फोनवरून, ज्या तज्ज्ञाने उपचार केले त्याने स्वतः कळवावी, कारण काय झाले ते सांगावे, आणि पाठविताना काही उशीर किंवा चूक झाली असल्यास तीही खासगीत, सौम्य शब्दांत सांगावी, हा दंडक ज्या रुग्णालयाने घालून घेतला, त्यास बाहेरच्या डॉक्टरांची मने जिंकण्यासाठी दुसरे फारसे काही करावे लागणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

चूक सांगण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाहेरचा प्रत्येक डॉक्टर निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. ताप कसला हे न पाहता स्टेरॉइडची सुई टोचणारे, अशक्तपणावर सलाईनच्या बाटल्या लावणारे, पैसे मिळेपर्यंत रुग्ण अडवून ठेवून अखेरच्या घटकेस गाडीत घालून देणारे, असेही आहेत. त्यांच्याशी संबंध ठेवणे म्हणजे त्यांच्या दोषांवर पांघरूण घालणे नव्हे. रुग्णालयाने त्यांना लिहावे, पुनःपुन्हा लिहावे, पुरावा देऊन लिहावे, की हा रुग्ण दोन दिवस आधी येता तर अपेंडिक्स फुटले नसते. नातेवाइकांदेखत काढलेल्या उद्गाराने डॉक्टर सुधारत नाही, तो सावध होतो व पुढचा रुग्ण दुसरीकडे पाठवितो. खासगी पत्राने मात्र पुष्कळजण सुधारलेले मी पाहिले आहेत. ज्यांना सुधारावयाचेच नसते, ते अशा रुग्णालयास रुग्ण पाठविणे थांबवितात, आणि त्यात रुग्णालयाने दुःख मानू नये.

व्याख्याने, चर्चासत्रे यांविषयी थोडेच बोलतो. शहरातील तारांकित हॉटेलात भोजनासह होणाऱ्या 'सीएमई', म्हणजे निरंतर वैद्यकशिक्षणाच्या, सभांतून गावचा डॉक्टर काय शिकतो, याचा हिशेब कोणी मांडावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970च्या दशकात वढूसारख्या गावी जाऊन गावातल्याच माणसांना आरोग्याचे काम शिकविले. रुग्णालयाने आपल्या भिंतींबाहेर पाऊल टाकले की काय घडू शकते, याचा तो वस्तुपाठ आहे. महिन्यातून एकदा आपल्या तज्ज्ञांनी तालुक्याच्या गावी जावे, त्या भागातून आलेल्या रुग्णांच्या कागदपत्रांवर, यश व अपयश दोन्हींवर, त्यांना पाठविणाऱ्या डॉक्टरांबरोबर चर्चा करावी, आणि चहाव्यतिरिक्त दुसरा कसलाही पाहुणचार त्यात असू नये. आपल्या रुग्णास वॉर्डात येऊन भेटण्याचा व त्याचा केसपेपर पाहण्याचा हक्क पाठविणाऱ्या डॉक्टरास असावा, हेही मी सुचवितो. गावाकडून एस. टी. ने येऊन तो खाटेपाशी उभा राहिला, की रुग्णाच्या चेहऱ्यावर जो धीर येतो, तो आमच्यापैकी कोणालाही देता येत नाही.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. आज बहुतेक मोठी रुग्णालये जनसंपर्काच्या नावाखाली माणसे ठेवतात. ती मोटारसायकलवरून दवाखान्यांत फिरतात, दिवाळीस मिठाईचे डबे पोहोचवितात, कोणी किती रुग्ण पाठविले याची वही ठेवतात. ती माणसे तशीच ठेवावीत, परंतु त्यांचे काम बदलावे. त्यांनी आवक-जावकाची बारनिशी ठेवावी: कोणाकडून रुग्ण आला, चिठ्ठी कोठे आहे, पोच गेली का, घरी जातानाचे पत्र गेले का, मृत्यू झाला असल्यास फोन झाला का. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून रुग्ण थेट दाखल होऊ लागल्यापासून अनेकांजवळ चिठ्ठीच नसते. अशांना दाखल करतानाच विचारावे, की तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण, आणि त्याचा फोन नंबर काय. उत्तर मिळेलच असे नाही, पण प्रश्न केसपेपरावर छापलेला असावा.

त्या छापील प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न मी आग्रहाने जोडीन, आणि तेथेच थांबेन. गावचा डॉक्टर हा गावाचाच माणूस असतो. त्याच्या दवाखान्यात कंपाउंडर असतो, ओसरीवर बसलेली माणसे असतात. क्षयाचा, एचआयव्हीचा किंवा मनोविकाराचा रुग्ण, किंवा गर्भपातासाठी आलेली स्त्री, आपली वार्ता त्या दवाखान्यात जावी असे इच्छीत नसेल, तर रुग्णालयाने चिठ्ठी धाडण्याच्या उत्साहात त्या इच्छेस डावलता कामा नये. म्हणून दाखल करतानाच, नातेवाइकांना बाजूला सारून, रुग्णास स्वतःस विचारावे: तुमच्या डॉक्टरास कळवू का, आणि कळवू तर काय कळवू. त्याने नको म्हटले, तर तसे बारनिशीत लिहावे, आणि त्याच्या औषधांची चार वाक्ये त्याच्याच हाती द्यावीत.